मुंबईच्या पावसात तुळस दरवर्षी का मरते, आणि त्यावर काय करायचे

जूनमध्ये पाऊस लागतो तेव्हा तुळस झकास असते. एप्रिल-मेच्या तलखीनंतर चार सरी अंगावर पडल्या की तिला नवी पालवी फुटते आणि घरात सगळे खूश होतात. मग जुलैच्या मध्यावर कधीतरी खालची पाने पिवळी पडून गळू लागतात, शेंडे माना टाकतात, आणि गणपती येईपर्यंत कुंडीत नुसत्या काड्या उरतात. दिवाळीच्या सुमारास नवे रोप येते, कार्तिकात त्याचे लग्न लागते, आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. गॅलरीत नाहीतर खिडकीच्या ग्रिलमध्ये औषधी झाडे लावणाऱ्या मुंबईकरांची ही नेहमीची तक्रार. तिच्याबरोबर ठरलेली कारणेही ऐकू येतात: रोप चांगले नव्हते, कीड लागली, किंवा सगळ्यांत आवडते म्हणजे ‘आमच्या घराला तुळस लाभत नाही’.

तुळस न लाभणारे घर मी तरी अजून पाहिलेले नाही. पाण्याचा निचरा न होणाऱ्या कुंड्या मात्र घरोघरी आहेत.

मरणाऱ्या तुळशीचे खरे दुखणे मुळाशी असते. कुंडीत साठून राहिलेले पाणी आणि ते ओढून घ्यायला नसलेले ऊन, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूळ कुजते. म्हणून यावरचे खरे काम मे महिन्यात करायचे असते. जुलैत करता येते ती फक्त धावपळ.

आधी खात्री करा

पाने मलूल दिसली की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. तिथेच थांबा. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. माती ओली, थंड आणि बोटाला चिकटणारी असेल आणि तरीही झाड माना टाकत असेल, तर त्याला तहान लागलेली नाही, मूळ गुदमरले आहे. मुळांना हवा लागते, आणि प्राणवायू हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळांचा श्वासच बंद होतो. मूळ काम करेनासे झाले की पाणी समोर असूनही वर चढत नाही आणि पाने सुकतात. त्या सुकलेल्या पानांकडे पाहून आपण आणखी पाणी घालतो.

शंका असेल तर कुंडी आडवी करून रोप मातीच्या गड्ड्यासकट अलगद बाहेर काढा. याने झाड मरत नाही, घाबरू नका. निरोगी मूळ पांढरट असते आणि ओढले तर ताण देते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे, लिबलिबीत. ते चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निसटते आणि आत केसाएवढा दोरा राहतो. वास तुंबलेल्या मोरीचा. शेवटी खोड मातीला टेकते तिथे पाहा. तिथे काळा पट्टा दिसत असेल आणि तो खोडाभोवती पूर्ण फिरला असेल, तर हे झाड गेले. पट्टा एकाच बाजूला असेल तर अजून आशा आहे.

हे काम पिथियम, फायटोफ्थोरा, फ्युजेरियम अशा बुरशीसारख्या रोगजंतूंचे असते. ते मातीत थोडेफार असतातच. त्यांना संधी देते ती ओल, म्हणून नुसते औषध ओतून भागत नाही.

मुंबईतच एवढे का?

पाऊस तर आहेच. सांताक्रूझला चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पडतो, हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे माती वरूनही सुकत नाही. पण कोकणात याहून जास्त पाऊस पडतो आणि तिथल्या अंगणातली तुळस बऱ्यापैकी टिकते. अंगणात पाण्याला जायला जागा असते. आपल्याकडे नसते, आणि त्याला आपल्या शहरी राहणीची दोन-तीन खास कारणे आहेत.

पहिले कारण ताटली. कुंडीचे पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले की सोसायटीत भांडण, म्हणून प्रत्येक कुंडीखाली ताटली. पावसाळ्यात ती कायम भरलेली आणि कुंडीचा तळ त्यात बुडालेला. वरून थेंब पडला नाही तरी माती खालून पाणी शोषत राहते. डासांचे वेगळेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. पालिकेचे लोक घरी तपासणीला आले की कुंड्यांखाली वाकून बघतात ते उगाच नाही.

दुसरे कारण लाल माती. रोपवाटिकेतून, मग ती आरेच्या रस्त्यावरची असो की नाक्यावरच्या हातगाडीवरची, रोप येते ते काळ्या पिशवीत घट्ट दाबलेल्या लाल मातीच्या गोळ्यात. विकणाऱ्याच्या सोयीचा हा गोळा, प्रवासात सुटत नाही. पण आपण तो तसाच उचलून कुंडीत बसवतो आणि भोवती सैल माती भरतो. उन्हाळ्यात तो गोळा विटेसारखा कडक होतो, पाणी कडेने निघून जाते. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. मुळे त्या गोळ्यातच अडकलेली असतात.

तिसरे कारण ऊन, आणि ते फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत खोलीभर ऊन आत आणणाऱ्या दक्षिणेकडच्या गॅलरीत, वर स्लॅब असेल तर, जून-जुलैत ढग फाटले तरी ऊन येत नाही. ‘आमच्याकडे भरपूर ऊन असते’ असे सांगणाऱ्याला कोणत्या महिन्यात ते विचारावे. पावसाळ्यापुरती तुळस पूर्वेच्या खिडकीत हलवा. उत्तरेची खिडकी असेल तर तीही चालते, कारण या दिवसांत सूर्य उगवतो आणि मावळतो तो उत्तरेकडे झुकून. पश्चिमेच्या गॅलरीत ऊन मिळेल, पण नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी झोडही तिथेच बसते.

आणि एक कारण देवघरातले. आमच्या इमारतीतल्या एका आजींची तुळस चिनी मातीच्या सुबक वृंदावनात होती. सकाळी आजी तांब्याभर पाणी घालत. सून ऑफिसला निघताना घाली. कामाच्या मावशीही येता-जाता, पुण्य म्हणून. ‘आजी, याला खाली भोक आहे का हो?’ म्हणून विचारले तर त्या म्हणाल्या, ‘अगं, भोक पाडलं तर पाणी फरशीवर येईल ना!’ शोभेच्या वृंदावनांचे हेच आहे. पितळी असो की चिनी मातीचे, पुष्कळांना तळाला भोकच नसते. सिमेंटच्या वृंदावनाला असते, पण ते वर्षानुवर्षांच्या मातीने बुजलेले.

पूजा मोडायची गरज नाही. पावसाळ्यात तांब्याऐवजी पळीभर पाणी घालायचे आणि तांब्यातले उरलेले शेजारच्या अडुळशाला नाहीतर ब्राह्मीला द्यायचे. उदबत्ती मातीत खोचू नका. दूध आणि हळदकुंकू मुळाशी टाकण्याऐवजी वृंदावनाच्या कडेवर वाहा. भोक नसलेल्या वृंदावनात थेट न लावता आत बसेल एवढ्या छोट्या, भोके असलेल्या कुंडीत तुळस लावून ती कुंडी आत ठेवा. तळाशी दोन विटांचे तुकडे ठेवले की कुंडी उंच राहते, आणि साठलेले पाणी दर दोन दिवसांनी ओतून टाकता येते. आजींनी हे ऐकले. मावशींना समजावणे त्यांना जास्त जड गेले.

मेमध्ये करायचे काम

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो असे हवामान खाते धरते. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, संध्याकाळी, हे उरकून घ्या.

रोप कुंडीतून काढा. लाल मातीचा गोळा असेल तर बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा आणि बोटांनी हलक्या हाताने मोकळा करा. सगळी माती काढायचा अट्टहास नको, बाहेरची मुळे सुटी झाली की पुरे. नवे मिश्रण करताना दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड रेती आणि एक भाग भाताचे तूस किंवा विटांचा चुरा घ्या. रेती बांधकामाची, चाळून धुतलेली. चौपाटीवरची आणू नका, तिच्यात मीठ असते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अगदी कमी घाला. ग्रिलवर वजन नको म्हणून सगळे कोकोपीट भरतात, उन्हाळ्यात ते बरे, पण पावसाळ्यात ते पाणी धरून बसते आणि सोडत नाही.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर द्यायची रीत सर्रास सांगितली जाते. ती सोडा. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुंब झाली की मगच ते खाली सुटते. म्हणजे खडीमुळे चिखलाचा पट्टा वर, मुळांच्या जवळ सरकतो आणि कुंडीतली मातीची जागा कमी होते ती वेगळीच. भोकावर एक खापरीचा तुकडा पालथा ठेवला की काम झाले. प्लास्टिकच्या कुंडीला एकच भोक असेल तर तापवलेल्या खिळ्याने आणखी चार-पाच पाडा, त्यातली दोन तळालगत बाजूला. शक्य असेल तर मातीची कुंडी घ्या, तिच्या अंगातूनही ओल बाहेर जाते.

कुंडी जमिनीवर किंवा ताटलीत सपाट टेकवू नका. खाली विटांचे तीन तुकडे हवेत. खालच्या काकूंसाठी ताटली ठेवावीच लागत असेल तर हे तुकडे ताटलीत ठेवा आणि ताटली रोज रिकामी करा, आठवड्यातून एकदा घासा. डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

त्याच वेळी छाटणी करा. सगळ्या मंजिऱ्या काढा, बियांसाठी दोन-तीन ठेवल्या तर चालेल. वरचा एक तृतीयांश भाग कापा आणि आतल्या, एकमेकींत गुंतलेल्या काड्या विरळ करा, म्हणजे वारा आरपार जाईल. हिरवी पाने नसलेल्या जून लाकडापर्यंत कापू नका, तिथून फुटवा येईलच असे नाही. आणि ही छाटणी भर पावसात करू नका, ओल्या हवेत कापलेली जागा सडते. नंतर तीन-चार दिवस सावलीत ठेवा.

ट्रायकोडर्मा वापरायची हीच वेळ. ही उपयोगी बुरशी आहे, रोगजंतूंच्या आधी मुळांभोवती जागा धरते. पाकिटावरच्या प्रमाणात ओलसर गांडूळखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मग मातीत मिसळा. तांबे (कॉपर) असलेले बुरशीनाशक तिच्याबरोबर वापरू नका, ते तिलाही मारते. कुजायला लागलेल्या मुळाला मात्र ट्रायकोडर्मा वाचवत नाही. जुलैत पाकीट आणणाऱ्यांचे पैसे बहुधा वाया जातात.

पाऊस लागल्यावर खत बंद. शेण, जीवामृत, कसलेही पेय नको. आणि चहाचा चोथा तर अजिबात नको, त्यातून दूध-साखर घातलेल्या चहाचा. त्याचा मातीवर पांढरा बुरशीचा थर धरतो आणि घरभर चिलटे होतात.

आताच जुलै आहे, काय करू?

झाड बाहेर काढा. मातीचा गड्डा जुन्या वर्तमानपत्राच्या चार-पाच पदरांत गुंडाळा, अर्ध्या तासाने कागद बदला. बरेच पाणी निघून येते. तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने कापा. जितकी मुळे गेली त्या मानाने वरचा भागही कमी करा, कारण उरलेल्या मुळांना सगळी पाने पोसवणार नाहीत. आधीच्यापेक्षा लहान मातीच्या कुंडीत, कोरड्या मिश्रणात लावा. मोठ्या कुंडीत लावण्याचा मोह होतो, पण जास्त माती म्हणजे जास्त ओल. भिंतीलगत, पाऊस लागणार नाही पण उजेड भरपूर असेल अशा जागी ठेवा आणि वरचा इंचभर थर कोरडा होईपर्यंत पाणी देऊ नका. प्लास्टिकने झाकू नका, वारा अडतो.

सलग झड लागली आणि कुंडी हलवायला जागा नसेल तर एका बाजूला वीट सारून ती थोडी कलती ठेवा, पाणी एका भोकाकडे वाहून जाते. दिसायला वेडेवाकडे दिसते, पण उपयोग होतो.

खोड काळे पडले असेल तर जीव अडकवू नका. वरचे हिरवे, न फुललेले शेंडे बोटभर लांबीचे कापा, खालची पाने काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात. मग छोट्या कुंडीत लावा.

गणपतीनंतर वाचलेली, ऑक्टोबरमध्ये गेलेली

याची तक्रार तर हमखास चुकीच्या नावाखाली येते. ‘पावसाळा छान काढला हो, पण ऑक्टोबरच्या उन्हाने जाळली.’ पाऊस जातो, आकाश मोकळे होते, पारा पस्तिशीला टेकतो आणि तीन-चार दिवसांत हिरवे दिसणारे झाड वाळते. उन्हाने मरणारी तुळस मेमध्येच मेली असती. मे महिना तिने काढला, कारण तेव्हा मुळे शाबूत होती. पावसाळ्यात ती अर्धी कुजली, पण ढगाळ, दमट हवेत पानांतून पाणी फारसे उडत नव्हते, म्हणून उरलेल्या अर्ध्यांवर निभावत होते. ऊन पडल्यावर मागणी वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला.

म्हणून सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरत असताना, झाड बाहेर काढून मुळे एकदा बघा. कमी दिसली तर वरून छाटा आणि ऑक्टोबरभर दुपारचे ऊन टाळा. सकाळचे चालेल. मातीवर कोरड्या पानांचा पातळ थर द्या.

कीड खरोखर असेल तर

कीड नसतेच असे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाने कडेने वळून तपकिरी होत असतील तर पान उलटे करा. मागे जाळीदार पंखांचे, चपटे, दोन-तीन मिलिमीटरचे किडे आणि त्यांच्या विष्ठेचे काळे चकचकीत ठिपके दिसतील. हा तुळशीवरचा लेस बग. पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या मागून मारा, फार झाले तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि मिलिलिटरभर भांडी घासायचा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवडाभर ती पाने काढ्यात घालू नका. पान वरून पिवळे आणि खालून करड्या-जांभळट लवीचे दिसले तर तो केवडा नावाचा रोग, त्यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणे: अशी पाने काढून टाका, कुंड्या लांब-लांब ठेवा आणि पानांवर पाणी शिंपडणे बंद करा. पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण, हे मुख्यतः उन्हाळ्याचे दुखणे आणि मुंग्यांची ये-जा ही त्याची पहिली खूण.

शेजारच्या कुंड्यांचे काय?

तुळशीला जे मारते तेच कोरफडीला आणखी लवकर मारते. पाने बुडाशी मऊ, अर्धपारदर्शक होऊन निखळतात. तिला मेअखेरीस छपराखाली घ्या आणि पावसाळाभर जवळजवळ विसरून जा. पानओव्याचेही तसेच, पण त्याची फांदी कुठेही खोचली तरी लागते, म्हणून तो कधी नाहीसा होत नाही. अडुळसा आणि गवती चहा यांची चिंता करू नका. गवती चहा फक्त पावसाआधी वीतभर ठेवून कापा, बुंध्यात वाळलेली पाती साचली की तिथे कुजते. पुदिना पावसात लांबुळका आणि काळ्या ठिपक्यांचा होतो, दिवाळीनंतर आपोआप सुधारतो.

ब्राह्मीचे उलटे आहे, तिला चिखलच आवडतो. तुळशीची काढलेली ताटली तिच्याखाली ठेवा, फक्त डासांसाठी रोज पाणी बदला. गुळवेल हिवाळ्यात पाने टाकते आणि लोक ती उपटून फेकतात. नखाने वेल खरवडा, आत हिरवी असेल तर जिवंत आहे.

अश्वगंधेचे रोप आवर्जून मागवणारे बरेच भेटतात. हिची मोठी लागवड मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या कोरड्या पट्ट्यात होते, जिथे वर्षाचा पाऊस आपल्या एकट्या जुलैइतका असतो. मुंबईत लावायचीच असेल तर ऑक्टोबरअखेर पेरा आणि पावसाळ्यापूर्वी मुळे काढून मोकळे व्हा.

तुळशीलाही वय असते. जून, लाकडी झालेले झाड पावसाळा सोसत नाही, मग माती कितीही चांगली असो. शेतात तर तिला बहुधा वर्षभराचेच पीक धरतात. मार्चमध्ये मंजिरीचे बी चुरून मातीवर पसरा, वर अगदी पातळ थर. आठवडा-दोन आठवड्यांत उगवते आणि पावसाळ्याला तरुण रोप तयार असते. सप्टेंबरअखेर पुन्हा एकदा पेरा. जुने गेले तरी घरात दुसरे असते.

मेलेल्या झाडाची माती त्याच कुंडीत ठेवून वर नवी तुळस लावू नका, रोगजंतू तिथेच बसलेले असतात. ती माती पिशवीत भरून ठेवा आणि पुढच्या मेमध्ये गच्चीवर ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवा. गच्चीची परवानगी नसेल तर गवती चहाला घाला. कुजलेली मुळे आणि खोड घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, ओल्या कचऱ्यात द्या, आणि कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या कुंडीकडे वळा.